लॉ सीईटीच्या मॉकमध्ये स्कोअर एकदा वर, एकदा खाली : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा अमळनेर तालुक्यातला, आता जळगावच्या कोर्टात वकिली करतो. दर रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर दहा-बारा पोरं-पोरी लॉ सीईटीची, म्हणजे कायद्याच्या कोर्सच्या राज्य प्रवेश परीक्षेची, मॉक म्हणजे सराव पेपर सोडवायला बसतात, कोणी चोपड्याहून येतं कोणी एरंडोलहून, आणि पेपर झाला की सगळ्यांचा एकच रडका चेहरा, मागच्या वेळी एवढे आले होते मग आज काय झालं. फोनवर पण तेच विचारतात. म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकू.

मागच्या रविवारी ८६ आले, या रविवारी ७५. एका आठवड्यात मी एवढा ढ झालो का?

नाही झालात. आणि हे मी बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, हिशोब करून सांगतो.

समजा तुमची तयारी अशी आहे की दर १० प्रश्नांतले ७ तुमचे बरोबर येतात. पेपर १२० प्रश्नांचा, म्हणजे सरासरी ८४ मार्क. पण दर वेळी बरोब्बर ८४ येतील का, तर नाही, कारण प्रत्येक पेपरात वेगळे १२० प्रश्न असतात, कधी तुम्ही परवाच वाचलेला भाग येतो, कधी नेमका तो सोडलेला भाग येतो. संख्याशास्त्राने काढलं तर अशा विद्यार्थ्याचा स्कोअर नुसत्या योगायोगाने साधारण ५ मार्क वर आणि ५ मार्क खाली हलतो. तीन पेपरातले दोन ७९ ते ८९ च्या मध्ये पडतात, आणि वीसातला एखादा ७४ च्याही खाली नाहीतर ९४ च्याही वर जातो. अभ्यास तोच, डोकं तेच, माणूस तोच.

म्हणजे ८६ आणि ७५ यातला बराचसा फरक हा तुमचा नाही, पेपरचा आहे. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी काय केलं, एका मॉकला मार्क पडले की पुस्तक बदललं, दुसऱ्या मॉकला पडले की टाइमटेबल बदललं, तिसऱ्याला पडले तर सेक्शनचा क्रम बदलला, आणि मग कशामुळे काय होतंय हेच कळेना. तीन महिने त्यात गेले. त्या तीन महिन्यांची मला अजून हळहळ वाटते, म्हणून आधी हेच सांगतो की एका पेपरवरून काहीही बदलू नका.

मग माझा खरा स्कोअर कोणता समजू? सगळ्यात जास्त आला तो धरू का?

सगळे तोच धरतात आणि तिथेच फसतात. आपल्याकडे विहीर श्रावणात कोणाचीही भरलेली दिसते, पाणी किती आहे ते वैशाखात कळतं. स्कोअरचं तसंच आहे, तुमचा वैशाखातला आकडा बघा.

मी असं करतो, शेवटच्या पाच मॉकची सरासरी काढायची आणि त्याच पाचातले सगळ्यात कमी दोन आकडे वेगळे लिहायचे. आता ही दोन पोरं बघा. एकाचे ९२, ६८, ८८, ७१, ८६. दुसऱ्याचे ८२, ७९, ८३, ८०, ८१. दोघांची सरासरी ८१ च आहे! पण दुसरा परीक्षेच्या आदल्या रात्री झोपेल आणि पहिल्याला झोप लागणार नाही. आणि पहिल्याचा हेलकावा वर सांगितलेल्या पाच-पाच मार्कांपेक्षा मोठा आहे, म्हणजे तिथे नुसता योगायोग नाही, काहीतरी कारण आहे आणि ते शोधलं की सापडतं. एकाचं असं होतं की पडलेले दोन्ही पेपर त्याने शनिवारी रात्रीची लग्नाची वरात करून येऊन दिले होते. अभ्यासात काहीच खोट नव्हती.

तयारी सुधारली की वरचा आकडा फारसा हलत नाही, खालचा वर येतो. ६८ चा ७४ झाला, ७४ चा ७८ झाला, तर समजा गाडी बरोबर चाललीये.

आधी हे सांगा, पेपर नेमका असतो कसा? कोणी १५० सांगतं कोणी १२०.

दोघं बरोबर, जुने-नवे आहेत. राज्याची लॉ सीईटी आधी १५० प्रश्नांची होती, २०२५ पासून १२० प्रश्न, १२० मार्क, २ तास. बारावीनंतरच्या ५ वर्षांच्या कोर्सला लीगल ॲप्टिट्यूड ३२, जीके २४, लॉजिकल ३२, इंग्लिश २४ आणि गणित ८. ग्रॅज्युएशननंतरच्या ३ वर्षांच्या कोर्सला गणित नाही, लीगल २४, जीके ३२, लॉजिकल २४ आणि इंग्लिश तब्बल ४०. निगेटिव्ह मार्किंग नाही, पेपर कॉम्प्युटरवर. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, वेगळी, तीही १२० प्रश्न २ तास पण चुकीला पाव मार्क जातो, पेपर कागदावर असतो, मोठे मोठे उतारे वाचून उत्तरं द्यायची आणि फक्त इंग्रजीतून. तरी फॉर्म भरताना त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, कोणाच्या तोंडून ऐकून चालू नका, माझ्याही नाही.

आणि जुन्या १५० च्या मॉकमधले ९५ आणि नव्या १२० च्या मॉकमधले ९० हे एका वहीत एकाखाली एक लिहू नका. टक्क्यात करा. ९५ म्हणजे ६३ टक्के आणि ९० म्हणजे ७५ टक्के, आणि ती पोरगी रडत होती की पाच मार्क कमी झाले.

मॉक दिल्यावर नेमकं काय करायचं? उत्तरं तपासली की झालं ना?

इथेच सगळी मेख आहे, त्यामुळे जरा लांबेल.

पेपर सोडवताना शेजारी एक कोरा कागद ठेवा, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला पक्कं माहीत नाही पण तरी टिक केलं, त्याचा नंबर कागदावर लिहा. बस एवढंच, दोन सेकंदाचं काम. पेपर संपला की स्कोअर दोन भागात काढायचा. कागदावर नंबर नसलेल्यातले बरोबर किती तो पक्का स्कोअर, आणि कागदावरच्यांतले बरोबर किती तो तुक्का स्कोअर.

चोपड्याकडची एक मुलगी होती, तिचे मार्क ७५ ते ८६ असे उड्या मारायचे आणि तिला वाटायचं की माझं लक्षच लागत नाही, घरी पण तेच सांगायचे की मोबाइल कमी कर. दोन भाग केले तर काय निघालं, पक्का स्कोअर प्रत्येक पेपरात ६५, ६७, ६६. लोखंडासारखा! हलत होते ते सगळे तुक्के होते, दर पेपरात तीसेक प्रश्न ती अंदाजाने मारायची, त्यातले कधी ९ लागायचे कधी २०. म्हणजे तिचा प्रॉब्लेम लक्षाचा नव्हताच, न वाचलेल्या भागाचा होता. ते तीस प्रश्न उघडून बघितले तर निम्मे राज्यघटना आणि करार कायदा या दोनच विषयांचे. महिनाभर तेवढंच केलं, तुक्के तीसवरून चौदावर आले, आणि उड्या आपोआप थांबल्या.

मग चुकांची एक वही करायची, त्यात चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहायचं, आणि कारणं चारच. माहीतच नव्हतं. माहीत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही, ‘नाही’ किंवा ‘वगळता’ असा शब्द सुटला. वेळ संपत आली म्हणून घाई केली. आणि चौथं, दोन पर्यायांत अडकलो आणि चुकीचा निवडला. ‘सिली मिस्टेक’ असं लिहायचं नाही, माझ्या ओट्यावर तो शब्द बंद आहे, कारण सिली म्हटलं की माणूस कारण शोधत नाही आणि पुढच्या पेपरात तीच चूक परत होते.

तुक्का लागून बरोबर आलेला प्रश्न सुद्धा चुकलाय असं समजूनच वाचायचा. हे कोणी करत नाही. करा.

दोन तासाच्या पेपरला हे सगळं करायला तीन-चार तास लागतात, लागू द्या.

आठवड्याला किती मॉक?

परीक्षा दोन महिन्यांपेक्षा लांब असेल तर एक. नंतर दोन. शेवटच्या तीन आठवड्यांत फार तर तीन. रोज एक मॉक देणारे पण बघितलेत, त्यांना वही भरायला वेळच मिळत नाही, मग त्याच चुका रोज करायची सवय लागते.

कोणता सेक्शन आधी घ्यायचा?

जो घ्याल तो घ्या पण एकदा ठरला की बदलू नका, किमान पाच पेपर तरी. मी ५ वर्षवाल्यांना हा क्रम सांगतो. जीके आधी, १२ मिनिटं, कारण येतं तर येतं नाही तर नाही, विचार करून जीके येत नाही. मग लीगल ३५ मिनिटं, इंग्लिश २२, लॉजिकल ३८, गणित ८. बेरीज ११५. पाच मिनिटं हातात राहतात, सुटलेले प्रश्न मारायला.

लॉजिकलमध्ये ते बैठक व्यवस्थेचे कोडे असतात ना, अमुक तमुकच्या डावीकडे बसला वगैरे, त्यात पोरं आठ-आठ मिनिटं घालवतात आणि तिथून पुढचा सगळा पेपर कोलमडतो. स्कोअर एकदम १२-१५ ने पडला की मी आधी हेच विचारतो की कुठे अडकून बसला होता, आणि दहातल्या सात वेळा तसाच एक सेट निघतो. तीन मिनिटांत आकृती जमली नाही तर ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ करा, म्हणजे नंतर बघायची खूण करून ठेवा, आणि पुढे चला. जीवावर येतं, मला माहितीये, अर्धं सोडवलेलं सोडायला. तरी सोडा.

निगेटिव्ह नाही मग सगळेच मारून टाकायचे ना?

सीईटीला हो, एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. शेवटच्या दोन मिनिटांत राहिलेल्या सगळ्यांना एकच अक्षर द्या, विचार नको. २० प्रश्न असे मारले तर सरासरी ५ लागतात, कधी ३ कधी ७. हे मार्क घ्या, पण त्यांना स्वतःची कमाई समजू नका.

क्लॅटला डोकं वापरायला लागतं. अगदी आंधळा तुक्का मारला तर चारातला एक लागतो आणि तीन चुकतात, एक मार्क आला आणि पाऊण गेला, हातात जवळपास काहीच नाही, वर स्कोअर हलायला लागतो तो वेगळा. पण दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळलं असेल तर बिनधास्त मारा, तिथे प्रत्येक प्रश्नामागे सरासरी तीन अष्टमांश मार्क तुमच्या बाजूने पडतो.

मी मराठी मीडियमचा. पेपर मराठीतून देऊ की इंग्रजीतून?

सीईटीला इंग्लिशचा सेक्शन सोडून बाकीचे प्रश्न मराठीतही दिसतात. माझं म्हणणं असं की कोणतीही एक भाषा धरा आणि तयारी पण त्याच भाषेत करा, एका मॉकला हे एका मॉकला ते असं केलं की स्कोअर हलणारच.

पण एक गैरसमज काढून टाका, मराठीतून सोपं जातं असं नाही. कायद्याची मराठी ही आपल्या घरातली मराठी नाही. टॉर्टला अपकृत्य म्हणतात, कॉन्ट्रॅक्टला संविदा, कन्सिडरेशनला प्रतिफल. आणि ‘अज्ञान’ हा शब्द बघा, आपण म्हणतो अज्ञान म्हणजे ज्याला काही माहीत नाही तो, कायद्यात अज्ञान म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेला, मायनर. त्याच्या उलट सज्ञान. मागे एकाने अख्खा प्रश्न चुकवला कारण त्याला वाटलं अज्ञान व्यक्ती म्हणजे अडाणी शेतकरी. अशा शंभरेक शब्दांची दोन भाषांतली यादी करून ठेवा, आठवड्यात होते.

क्लॅट द्यायची असेल तर मराठीचा प्रश्नच नाही, रोज इंग्रजी वाचायलाच लागेल, आणि तिथे साडेचारशे शब्दांचा उतारा एका दमात वाचायचा सराव पाहिजे. सुरुवातीला डोकं दुखतं. रोज तीन उतारे, महिन्याभराने फरक दिसतो.

लीगल रीझनिंगमध्ये मी बरोबर न्याय देतो तरी उत्तर चुकतं, असं का?

कारण तुम्हाला न्याय द्यायला कोणी सांगितलेलंच नाही. दिलेला नियम दिलेल्या घटनेला लावायला सांगितलंय.

हे बघा. नियम असा दिलाय की अज्ञान व्यक्तीने केलेला करार शून्य असतो, त्याची अंमलबजावणी होत नाही. घटना अशी की रावेरकडचा १७ वर्षांचा मुलगा केळीच्या व्यापाऱ्याला सांगतो माझं वय १८ आहे, ५० हजार ॲडव्हान्स घेतो, आणि घड कापायची वेळ आली की माल द्यायला नाही म्हणतो. व्यापारी करार पाळायला भाग पाडू शकतो का? ओट्यावर दहातले सहा जण म्हणाले हो, कारण पोराने फसवलं, व्यापाऱ्याचा काय दोष. आपल्या केळीच्या मुलखात तर लगेच व्यापाऱ्याची नाहीतर शेतकऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते. पण नियमात फसवणुकीचा शब्द तरी आहे का? नाही. मग करार शून्य, उत्तर नाही. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, मोहोरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष खटल्यात हेच ठरवलंय की अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच शून्य, आणि तिथे पण त्या मुलाने आपण सज्ञान आहोत असंच लिहून दिलं होतं.

दुसरी गंमत अशी की कधी कधी प्रश्नात दिलेला नियम खऱ्या कायद्यापेक्षा वेगळा असतो. तरी दिलेलाच लावायचा. ज्यांनी कायदा थोडा जास्त वाचलाय तेच इथे जास्त चुकतात.

मी पोरांना सांगतो नियमातल्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवा आणि घटनेत तो शब्द सापडतो का बघा. सापडला तर पुढे, नाही सापडला तर नियम लागू नाही. या पद्धतीने लीगल हा तुमचा सगळ्यात स्थिर सेक्शन होतो, खरंच होतो, कारण इथे पाठांतर कमी आणि रीत जास्त.

जीके कधी १८ कधी ९. याला काही इलाजच नाही का?

चालू घडामोडी हलणारच, ते मान्य करा. पण जीके आणि लीगल ॲप्टिट्यूडमधला जो न बदलणारा भाग आहे तो सिमेंटसारखा पक्का करता येतो. कलम १४, १९, २१, ३२ आणि २२६ कशाबद्दल, ४२ वी घटनादुरुस्ती १९७६ ची, मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने गेला, केशवानंद भारती खटला १९७३ चा, १३ न्यायमूर्तींचं खंडपीठ. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, हे तर प्रत्येक मॉकमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात असतं. जुन्या पुस्तकावर अभ्यास करत असाल तर एवढ्यासाठी तरी ते बदला.

आपल्या भागातलं पण विसरू नका. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला, १९३६ मध्ये. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील जळगावच्या, कायदा मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजला शिकल्या, इथे जळगाव कोर्टात वकिली केली आणि १९६२ ला इथूनच आमदार झाल्या. हे मी पोरींना मुद्दाम सांगतो, मार्कांसाठी नाही.

गणित ८ च मार्काचं आहे, सोडून देऊ?

नका. शेकडेवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-काम-वेग. दहावीपर्यंतचं आहे, रोज पंधरा मिनिटं. हे ८ मार्क एकदा हातात आले की हलत नाहीत, आणि आपण तेच तर शोधतोय.

एका मॉक सिरीजमध्ये ९० येतात आणि दुसरीत ७०. कोणती खरी?

दोन्ही नाही. प्रत्येक सिरीजची काठिण्यपातळी वेगळी, कोणी मुलांना खूश ठेवायला सोपी काढतं, कोणी घाबरवायला अवघड. मापायला एकच सिरीज ठेवा आणि तिच्यातलेच आकडे वहीत लिहा, दुसरी नुसत्या सरावाला वापरा. मी ज्या क्लासला जायचो तिथे परीक्षेच्या आधीची शेवटची मॉक मुद्दाम सोपी काढलेली होती, सगळ्यांना भरभरून मार्क, आम्ही हवेत, आणि खऱ्या पेपरात जमिनीवर. मला त्याचा राग आजही आहे.

पर्सेंटाइलचं काय? मॉकमध्ये मार्क बघू की पर्सेंटाइल?

परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होते तेव्हा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. तुमच्या सत्रात तुमच्या इतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क किती टक्के मुलांना पडले, तो आकडा. म्हणून पेपर अवघड निघाला तर घाबरू नका, सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. मॉकमध्ये मात्र पर्सेंटाइलच्या मागे लागू नका, त्या दिवशी कोण कोण बसलं होतं यावर तो ठरतो. तिथे तुमचा पक्का स्कोअर बघा.

अमेरिकेतल्या एलसॅटचे पेपर सोडवून फायदा होतो का? भाऊ म्हणतो करून बघ.

एलसॅट म्हणजे तिथल्या लॉ कॉलेजांची प्रवेश परीक्षा. लॉजिकल रीझनिंगपुरता होतो, युक्तिवादातली फट शोधायची चांगली सवय लागते. पण त्याचा स्कोअर आपल्याशी ताडून बघू नका, तिथे १२० ते १८० अशी वेगळीच पट्टी असते. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते, ते निकालात नुसता एक आकडा देत नाहीत, सोबत एक पट्टा देतात, साधारण ३ वर ३ खाली, की तुमची खरी पातळी बहुतेक यात कुठेतरी आहे. म्हणजे परीक्षा घेणारेच कबूल करतात की एका दिवसाचा आकडा थोडा इकडेतिकडे होतोच. मग आपण कशाला एका मॉकवरून जेवण सोडायचं!

दोन महिने झाले ७५ वरच अडकलोय. वरही नाही, खालीही नाही.

अहो मग तुमचं निम्मं काम झालंय, स्थिरता आली. आता वही उघडा आणि शेवटच्या पाच पेपरांत ‘माहीतच नव्हतं’ वाले प्रश्न विषयवार मोजा. बहुतेक दोन विषयांतच ढीग लागलेला दिसेल. दोन आठवडे मॉक बंद, फक्त ते दोन विषय. आणि जर ‘माहीत होतं तरी’ वाले जास्त असतील तर नवीन काही वाचू नका, वाचायचा वेग कमी करा आणि प्रश्नाचं शेवटचं वाक्य दोनदा वाचा. ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषध पण वेगळं.

शेतातलं काम, कॉलेज, त्यात लाईटचा भरोसा नाही. सलग दोन तास बसायचं कसं?

खरंय, आणि शहरातल्या लोकांना हे कळत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात बसून पुस्तक घेणाऱ्याला काय ऐकावं लागतं ते मी ऐकलंय, आणि शेतीची लाईट रात्रीची असली की मोटर चालू करायला मीच जायचो.

रोज दोन तास सलग नाही मिळाले तरी चालेल, पाऊण-पाऊण तासाचे सेक्शन सोडवा. पण आठवड्यातून एकदा सलग दोन तासांचा पेपर पाहिजेच, आणि तो दर वेळी त्याच वेळेला, त्याच प्रकारच्या जागी. एकदा रात्री अकराला खाटेवर आणि एकदा सकाळी लायब्ररीत, असं केलं तर ते दोन आकडे एकमेकांशी ताडताच येत नाहीत. घरी जमत नसेल तर तालुक्याच्या वाचनालयात जा, बहुतेक ठिकाणी अभ्यासिका असते. आणि महिन्यातून दोनदा तरी कॉम्प्युटरवर द्या, मोबाइलवर नाही. मोठ्या स्क्रीनवर माउसने पेपर सोडवायची सवय नसली की पहिली दहा मिनिटं तशीच जातात.

घरी रोज विचारतात, कितला मार्क पडनात? पडले तर सांगायचं काय?

आमच्याकडे पण असंच विचारायचे. आई-वडिलांना काळजी असते, त्यांच्यावर चिडू नका, पण रोजचा आकडा पण सांगत बसू नका, कारण ते तुमच्यापेक्षा जास्त घाबरतात आणि मग तुम्ही त्यांच्यासाठी मॉक द्यायला लागता. महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर वही घेऊन बसा आणि सगळ्यात कमी आलेला आकडा दाखवा, गेल्या महिन्यात ६८ होता या महिन्यात ७४. माझ्या वडिलांना पर्सेंटाइल कळलं नाही कधी पण हे कळलं.

शेवटचा आठवडा आणि परीक्षेचा दिवस?

शेवटची मॉक परीक्षेच्या चार दिवस आधी. त्यानंतर फक्त चुकांची वही आणि ती शब्दांची यादी. नवीन पुस्तक उघडायचं नाही, कोणी कितीही चांगलं आहे म्हणालं तरी.

सीईटी उन्हाळ्यात असते आणि आपल्याकडे त्या दिवसांत पारा ४४-४५ ला टेकतो, त्यातच कधी आखाजी म्हणजे अक्षय तृतीया येते, घरात मांडे-पुरणपोळी आणि लेकीबाळी आलेल्या, झोके, गाणी. सणाला बसा, जेवा, पण परीक्षा दुसऱ्या दिवशी असेल तर आमरस-पुरणपोळीवर ताव मारून दुपारभर झोपू नका, रात्री मग झोप येत नाही. सेंटर लांबचं मिळालं असेल तर आदल्या दिवशीच जाऊन कोणाकडे तरी मुक्काम करा, पहाटेच्या पॅसेंजरवर अवलंबून राहू नका. पाण्याची बाटली, कांदा खिशात ठेवा असं आजी सांगेल तर ठेवा, तिला बरं वाटतं. ॲडमिट कार्डाच्या दोन प्रती आणि ओळखपत्र रात्रीच पिशवीत टाका.

आणि आत गेल्यावर पहिले पाच प्रश्न अवघड निघाले तर तेवढ्यावरून ठरवलेला क्रम मोडू नका. तुमचा पक्का स्कोअर त्या पाच प्रश्नांत नाही, पुढच्या ११५ मध्ये आहे. जीकेला १२ मिनिटं झाली की उठा तिथून आणि लीगलला जा, रविवारी ओट्यावर जायचात तसंच.